मोकलसाहेबांची टाच

मार्गशीर्षातला सोमवार, सकाळ. ठिकाण: बोर्ली पंचतनच्या वरचा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार. हजर: बॉक्साइट खाणीचे मॅनेजर देसाई, बोअर मारणारे दोघे, नोंदी ठेवायला मी आणि मोकलसाहेबांचे बूट. मोकलसाहेब बुटांबाहेर होते.

खाणीचा वजनकाटा, वर्कशॉप आणि कामगारांचं जेवणघर बांधण्याआधी खालची जमीन तपासून हवी, म्हणून या इंजिनिअरना बोलावलेलं. सोबत भाड्याचं महागडं मशीन. पण ते चालू होण्याआधी साहेब अनवाणी होऊन जमिनीवर टाचा आपटतात. उरणकडे त्यांचं घरचं मिठागर होतं. मिठाच्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, ही तिथली रीत. पदवी घेतल्यावरही ती सुटली नाही. पोट सांभाळत नाचणारा साठीचा इंजिनिअर पाहून सड्यावरची गुरं चरायची थांबत. त्यांना तेवढीच करमणूक.

"बोल गो बाय," ते जमिनीला म्हणत, "पोटात काय हाय?"

"काय म्हणाली?" देसाई विचारत.

"लाजते. अजून एक भोक मारू."

हे त्यांचं पालुपद. वजनकाट्याला भोकं झाली, वर्कशॉपला झाली. चहाचं टेबल मांडतानाही टाच आपटून झाली. टेबल पास झालं.

जेवणघराच्या जागेवर मात्र टाच पहिल्याच दणक्याला खूश झाली. "घट्ट! मिठागराचा तळ झक मारेल." देसाईंनी लगेच मंजुरीचा कागद पुढे केला. तेवढ्यात मशीन वरचा जांभा फोडून खाली गेलं आणि लोण्यात सुरी शिरावी तसं जातच राहिलं. खाली सगळी मऊ, पांढरी माती.

मोकलसाहेबांनी गुपचूप बूट चढवले.

"सही नाही. माती कुठवर मऊ आहे ते बघू. अजून एक भोक."

"अहो, जेवणघर आहे, धरण नाही!" देसाई तडकले. "माणसं वरणभात खाणार, उड्या नाही मारणार. मशीन आज परत जाणार. सही करा, नाहीतर दुसरा इंजिनिअर आणतो."

"आणा."

फुकटच्या जेवणासाठी मुक्काम लांबवतायत, असा माझा अंदाज होता. दुपारी जेवणाच्या मांडवात पाहिलं, तर साहेब न जेवता वाटीतल्या वरणाकडे टक लावून बसलेले.

"वरण पण तपासायचंय का?" मी विचारलं.

"कुठल्या बाजूला कलतं ते बघतो. सवय." मग हळूच म्हणाले, "घरचं स्वयंपाकघर मी असंच टाच मारून बांधलं, ताई. घट्ट लागलं. खाली भराव होता. वर्षभरात जमीन एका बाजूला बसली. ही माझ्या ताटाखाली कागदाची घडी सरकवायची, वरण सांडू नये म्हणून. पण कधी बोलून दाखवलं न्हाय."

"मग दुरुस्त नाही केलंत?"

"ती गेल्यावर गवंडी आणला होता. दारातूनच परत पाठवला." त्यांनी भात कालवला. "जमीन सरळ केली, तर घडी कशाला लागंल?"

मी उठले आणि बोअरवाल्यांना आणखी एक दिवस थांबायला सांगितलं. देसाई अजून फोनवर ओरडतायत.

बाकी काम: जेवणघराखाली अजून एक भोक.