गोळी खंयसून इली?

आमच्या शालन मावशीने तळमजल्यावरच्या सावंतांना एकदा वाटाणा फेकून मारला. भांडण नव्हतं. एका परदेशी राष्ट्राध्यक्षाच्या खुनाचा तपास चालू होता.

हा राष्ट्राध्यक्ष माझ्या जन्माआधी, उघड्या मोटारीतून जाताना, बायकोच्या शेजारीच मारला गेला. मुंबईत काळाचौकीच्या आमच्या चाळीशी त्याचं काही नातंगोतं नाही. पण सत्तरीची मावशी मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ बघते आणि गॅलरीतून जाणाऱ्याला अडवते, "गोळी खंयसून इली, सांग!"

"मागून. वरच्या खिडकीतून, एकट्याने मारली," मी म्हणायचो. "चौकशीत निघालंय तसं."

"चौकशी? झिला, चाळीतल्या नळाची तोटी कोणी नेली ते चौकशीत निघालं का?"

तिचं म्हणणं, त्याचं डोकं मागे गेलं, म्हणजे गोळी पुढून आली. मग प्रयोग ठरला. खाली स्कूटरवर बसून आरसा पुसणारे सावंत, हे राष्ट्राध्यक्ष. तिसऱ्या मजल्यावर वाटाणे सोलणारी मावशी, ही मारेकरी. वाटाणा सावंतांच्या टाळक्यात मागून बसला आणि "कोण रे तो?" म्हणत त्यांनी मान मागे टाकून वर पाहिलं.

"मावशी, मागून मारलं तरी डोकं मागेच गेलं! हरलीस."

मावशीने क्षणभर विचार केला. "सावंत पण कटात आसा."

परवा मी सहज विचारलं, "जगात एवढे खून होतात, तुला हाच का गं?"

तिने मोबाइल उपडा ठेवला. म्हणाली, "खुन्याचा माका काय करूचा हा? ती बाईल शेजाराक बसलेली. साऱ्या जगान तिका ईचारल्यान. काय बघलंस, कितके आवाज ऐकलंस."

मावशीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. टॅक्सीत छातीत कळ आली, हॉस्पिटल गाठेपर्यंत संपलं, एवढंच चाळीला ठाऊक. आम्ही खांदा दिला, तेराव्याला जेवलो.

"ह्येंचा डोक्या माझ्या मांडयेर होता," ती म्हणाली. "माका कोणी कायच ईचारूक नाय."

मी स्टूल ओढून बसलो. सुचलं ते विचारलं, "कुठे निघाला होतात गं दोघं?"

"चष्मो करूक," पदराला हात पुसत ती म्हणाली. "माझो. ह्ये म्हणाले, तुका आता माझा तोंडसुद्धा नीट दिसणा नाय."