मोठं नाव, सिमेंटची नाव

"तिथल्या एकाही पोराच्या तोंडावर मला हसू दिसलं नाही," चष्मेवाले मोठ्या कौतुकाने सांगत होते. "इतका अभ्यास."

"म्हणजे ती पोरं दुःखी आहेत," त्यांची बायको म्हणाली.

"दुःखी नाहीत, गंभीर आहेत."

बायको फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करण्यात तिचा दिवस जाई, त्यामुळे आखडलेला माणूस तिला लांबूनच ओळखू येत असे. नवऱ्याच्या खांद्यांकडे एकदा पाहून तिने चहा गाळला.

वाद लेकीच्या प्रवेशाचा होता. लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती चालायची नाही, गरगर फिरायची. बारावीच्या नादात मात्र ती एका जागी बसायला शिकली आणि हळूहळू बोलायचीच बंद झाली. तिला भूशास्त्र शिकायचं होतं आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक होती दूरच्या शहरातली नामांकित संस्था, चष्मेवाले नुकतेच बघून आलेली. तिचं नाव घेतलं की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसे. दुसरं होतं बसने तासाभरावरचं सरकारी विद्यापीठ. त्याचं नाव घेतलं की समोरचा म्हणे, "असू दे, पुढच्या वर्षी परत बसेल परीक्षेला."

भिंगरी एकदा ते विद्यापीठ बघून आली होती. गुडघ्याला चिखल लावून आली आणि जेवताना पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत बोलत राहिली. कितीतरी महिन्यांनी घरात तिचा आवाज ऐकून आई वाढायचं विसरली होती. त्या दिवशी चष्मेवाले त्यांच्या चष्म्याच्या दुकानातच जेवले होते.

आता उत्तर कळवायची मुदत संपत होती. शनिवार होता आणि संध्याकाळपर्यंत एका ठिकाणी 'हो' म्हणायचं होतं.

"घराण्याचं नाव बुडवायचं असेल तर जा सरकारी विद्यापीठात," चष्मेवाले सकाळी लेकीला म्हणाले. त्यांच्या घराण्याचं नाव तसं फक्त दुकानाच्या पाटीवरच होतं, पण ती पाटी मोठी होती. शिवाय त्यांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नंबर काढता काढता संस्थेची बातमी सांगून टाकली होती. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना तर दोनदा. डॉक्टरांचा मुलगा त्याच संस्थेत होता. "तो तिथे खूश आहे ना?" असं भिंगरीच्या आईने एकदा विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "वहिनी, तिथे मुलं खूश व्हायला जात नाहीत, घडायला जातात."

चष्मेवाल्यांनी ठरवलं की विद्यापीठात स्वतः जाऊन तिथले दोष वेचून आणायचे आणि दुपारच्या आत लेकीसमोर मांडायचे. घरी त्यांनी सांगितलं, "घाऊक बाजारात फ्रेमा बघून येतो." आणि बस पकडली.

दोष शोधायला मनासारखं वातावरण होतं. भिंतींचा रंग उडाला होता. जिन्यात कुणाची तरी सायकल होती. ग्रंथालयाच्या पायरीवर एक मुलगा तोंडावर पुस्तक ठेवून गाढ झोपला होता. चष्मेवाले प्रत्येक ठिकाणी थांबून "अरे अरे" म्हणत पुढे सरकत होते. हात मागे बांधून, मान तिरकी करून, छताकडे बघत ते आवाराच्या टोकाच्या तळ्यापाशी पोहोचले. तिथे काठावर विद्यार्थ्यांचा घोळका एका लांबट, राखाडी वस्तूभोवती उभा होता.

"हे काय आहे?" त्यांनी दरडावून विचारलं.

घोळका एकदम सरळ उभा राहिला. भुवईवर सिमेंट वाळलेली एक उंच मुलगी पुढे झाली. "नाव आहे सर. सिमेंटची."

"सिमेंटची? आणि ती बुडणार नाही?"

"तेच तर तुम्ही तपासायचं ना सर," ती म्हणाली आणि तिने मागे वळून सगळ्यांना खूण केली. "आले रे परीक्षक."

त्याचं असं होतं की त्या दिवशी स्थापत्यशास्त्राच्या मुलांची सिमेंटच्या नावांची शर्यत होती आणि बाहेरून परीक्षक यायचे होते. इतका नापसंतीचा चेहरा घेऊन फिरणारा माणूस परीक्षकाखेरीज दुसरा कोण असणार, असं मुलांना वाटलं. चष्मेवाल्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मग 'तुम्ही कोण' हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर त्यांना स्वतःलाही नीट देता आलं नसतं. शिवाय 'सर' हा शब्द कानाला बरा लागत होता.

"जाडी सगळीकडे सारखी दिसत नाही," ते म्हणाले. भिंगाबद्दल हे वाक्य ते रोज म्हणत.

मुलं थक्क झाली. "डावीकडे कमी पडली सर. तुम्हाला नुसत्या नजरेनं कळलं?"

"नजरेचंच काम आहे आमचं."

"मग बसा सर," कप्तान म्हणाली. ती उंच मुलगीच कप्तान होती. "नियमाप्रमाणे परीक्षकांनी एक फेरी आत बसून मारायची. गेल्या वर्षीची काठावरच बुडाली होती. यंदा मध्यापर्यंत नक्की जाईल."

चष्मेवाल्यांना पोहता येत होतं, पण बुटांसकट कधी पोहले नव्हते. ते "माझ्या गुडघ्याला..." असं काही म्हणेपर्यंत चार हातांनी त्यांना अलगद उचलून नावेत बसवलं होतं. नाव डुगडुगली. चष्मेवाले काठ धरायला पुढे वाकले, आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरून डुबुक्कन तळ्यात गेला.

उणे सहाचा नंबर. डोळ्यांपुढे हिरवट खळ पसरली. तळं, झाडं, माणसं सगळं एकात एक मिसळलं.

"मला दिसत नाहीये," ते म्हणाले.

"बघायचं काम आमचं सर, तुम्ही फक्त वल्हवा," मागून कुणीतरी म्हणालं आणि त्यांच्या हातात वल्हं आलं.

याच वेळी खरे परीक्षक काठावर पोहोचले. आपल्या आधीच नाव पाण्यात गेलेली पाहून त्यांनी तिला परत बोलावण्यासाठी जोरात शिट्टी फुंकली. पलीकडच्या काठावर दुसऱ्या संघाची नाव तयारच होती, गुळगुळीत, निळ्या रंगाची. हा संघ त्या नामांकित संस्थेचा होता. शिट्टी ऐकताच त्यांना वाटलं शर्यत सुरू झाली, आणि ते सुटले. ते सुटले म्हणून कप्तान ओरडली, "मारा रे."

पुढचं चष्मेवाल्यांना दिसलं नाही, पण ऐकू आलं. काठावर शेकडो मुलं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मागे कुणीतरी ताल धरला होता. पाणी तोंडावर उडत होतं. पहिले काही हात त्यांनी भीतीने मारले. मग खांद्यात काहीतरी कट्कन मोकळं झालं आणि त्यांचं वल्हं तालात पडायला लागलं.

"आपण पुढे आहोत का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, बरेच मागे आहोत."

"मग इतके हसताय काय?"

"मध्य ओलांडला सर."

ते ऐकून चष्मेवाल्यांनी अशी काही वल्ही मारली की पुढच्या मुलाचा शर्ट भिजून पाठीला चिकटला. आता निळी नाव हाताच्या अंतरावर आहे असं कुणीतरी म्हणालं. आणि त्याच क्षणी डावीकडून, जिथे जाडी कमी होती तिथूनच, सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. नावेत पाणी शिरलं. ती शांतपणे, सरळ, कुठलाही कांगावा न करता खाली गेली.

पाणी छातीपर्यंतच होतं. सगळे उभे राहिले. "विद्यापीठाची नाव बुडाली," काठावरून आरोळी आली आणि पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट झाला. नाव बुडाली की माणसं टाळ्या वाजवतात, हे चष्मेवाल्यांना नवीन होतं.

काठावर त्यांना कुणीतरी हात दिला. "काका? तुम्ही इथे?"

आवाज ओळखीचा होता. दातांच्या डॉक्टरांचा मुलगा. तो निळ्या नावेतून आला होता आणि जिंकला होता. "आमचे सर म्हणताहेत, शर्यतीला लागलेला वेळ लाजिरवाणा आहे," तो म्हणाला. मग जवळ येऊन त्याने आवाज उतरवला. "काका, इथे दुसऱ्या वर्षाला प्रवेश देतात का हो? बाबांना नका सांगू मी विचारलं म्हणून."

"हे तुमचे काका? परीक्षक नाहीत?" कप्तानने विचारलं.

चष्मेवाल्यांनी ओल्या बाहीने तोंड पुसलं. "माझं चष्म्याचं दुकान आहे. मुलीसाठी कॉलेज बघायला आलो होतो."

खरे परीक्षक म्हणाले, "वल्हवता चांगलं." आणि हसण्याचा असा पूर लोटला की ग्रंथालयाच्या पायरीवरचा मुलगासुद्धा जागा होऊन बघायला आला.

चष्मेवाले चाचपडत, ठिबकत घरी पोहोचले तेव्हा मायलेकी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

"फ्रेमा मिळाल्या?" बायकोने विचारलं. मग त्यांच्याकडे नीट पाहून ती उठली आणि टॉवेल घेऊन आली.

"बाबा, तुमच्या मनासारखं करतेय," भिंगरी म्हणाली. आवाज पुन्हा तोच, हळू. "संस्थेला हो म्हणते. तुम्ही सगळ्यांना सांगून बसलायत. आता मागे घेतलं तर तुम्हाला कसंतरी होईल. मला चालेल तिथे."

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे राहीन मी."

चष्मेवाले टॉवेल तसाच गळ्यात टाकून खुर्चीवर बसले. समोर लेकीचा चेहरा अंधूक दिसत होता. पण ती खांदे आवळून बसली आहे हे चष्म्याशिवाय कळत होतं. हे आधी चष्म्यातून कसं दिसलं नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं आणि वाईटही.

"तिथे राहायला कशाला जायचं?" ते म्हणाले. "तू विद्यापीठात जा. अगं, त्यांची नाव तळ्याच्या मध्यापर्यंत जाते. माझ्यासारखा माणूस आत बसलेला असताना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना ते उठले, खुर्ची उलटी करून तिच्यावर बसले आणि लाटण्याने वल्हवून दाखवू लागले. बायकोला हसून हसून ठसका लागला. भिंगरी आधी गालात हसली, मग टेबलावर डोकं टेकून हसली आणि हसता हसताच तिने विद्यापीठाला 'हो' कळवून टाकलं.

सत्र सुरू झालं त्या दिवशी तिला सोडायला चष्मेवाले बसने बरोबर गेले. फाटकाशी भिंगरी थांबली. "बाबा, आता इथूनच परत जा. माझा पहिला दिवस आहे. मला कुणी ओळखत नाही, तेच बरं आहे."

"अगदी बरोबर," ते म्हणाले आणि वळले.

"सर," मागून हाक आली. कप्तान धावत येत होती, तिच्यामागे अख्खा संघ. "सर, बरं झालं आलात. नव्या नावेची जाडी वाढवलीय. सरावाला कधी येताय?" कुणी त्यांचा हात हातात घेतला, कुणी पाठीवर थाप मारली, एकाने त्यांचं छत्रीचं ओझंही काढून घेतलं. चष्मेवाले पाहता पाहता तळ्याच्या वाटेला लागले. नव्या चष्म्याला त्यांनी दोरी बांधून आणली होती.

बरंच पुढे गेल्यावर कप्तानने मागे वळून पाहिलं. "सर, त्या कोण? मघापासून फाटकाशीच उभ्या आहेत."

"ती होय," चष्मेवाले म्हणाले. "माझी मुलगी. नवीन आहे. तिलाही जरा सांभाळून घ्या."