मल्हारीबाबांसाठी जागा

मल्हारीबाबांचं वर्षश्राद्ध होतं. सकाळीच वच्छलाबाई लेकाला म्हणाल्या, "रामप्रसाद, तुझ्या बापाचा चेहरा फोटोत हाय रं, पर आवाज इसरत चालले मी."

रामप्रसादला गलबलून आलं. मेंढरांमागं हिंडताना बाबा ओव्या गायचे. मंजुषाबाई नावाच्या अभ्यासक त्या रेकॉर्ड करून गेल्या होत्या. त्यांनी गावोगावचं सगळं रेकॉर्डिंग एका भल्यामोठ्या, दाबून बांधलेल्या 'झिप' फायलीत पाठवलं होतं.

"शहागंजातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात उघडून आणा," बायको सत्यशीला म्हणाली.

"अगं, कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरच बडवतो मी!"

पडेगावच्या त्यांच्या घरात जुना लॅपटॉप होता. त्यात भाच्यानं विंडोजऐवजी लिनक्स बसवून दिलं होतं (रामप्रसादला त्यातलं नाव तेवढं ठाऊक). फाईल उघडू लागली आणि मध्येच अडकली: डिस्कवर जागा नाही. त्यानं गाणी पुसली, सिनेमे पुसले. पुन्हा तेच. बाहेर पाहुणे जमू लागले. मग दिसेल ती मोठी फाईल त्यानं उडवली आणि कचरापेटीही रिकामी केली.

"आता काय पुसलंत?"

"आपलं लग्न."

सत्यशीलानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "लग्न?"

"व्हिडिओ गं! बाबांना जागा पायजे होती."

"म्हणून मला बाहेर काढलं व्हय!" तिचे डोळे भरून आले. "बिडकीनला माझ्या दादाकडं कॉपी असली तर असली. नायतर बसा पुन्हा घोड्यावर."

तीही जागा फायलीनं गिळली. शेवटी त्यानं मुकाट्यानं मंजुषाबाईंना फोन लावला.

"अहो, अख्खी कशाला उघडताय?" त्या म्हणाल्या. "दर खेपेला अर्धवट निघालेल्या फायलींनीच डिस्क भरलीय तुमची. त्या पुसा. मग आतली नावं बघा आणि बाबांची तेवढी एकच काढा."

ती फाईल निघाली. एवढीशी होती.

ओवी सुरू झाली तसे पाहुणे लॅपटॉपभोवती गोळा झाले. पण वच्छलाबाईंच्या कपाळावरची आठी जाईना. "गाताना समदे सारखेच वाटतेत," त्या पुटपुटल्या.

ओवी संपली. लॅपटॉपमधून कुणीतरी खाकरलं आणि बोलू लागलं, "बाई, ते मशीन आमच्या रामप्रसादच्या हाती देऊ नगा. पोरगं लई गुणाचं, पर हात लावंल ते बंद पाडतं."

वच्छलाबाईंनी पदरात तोंड लपवलं. हुंदक्यातून शब्द आले, "व्हय, व्हय... हे तेच हायत!"