हेमराजच्या सायकलीला लागलेली नजर

बायकोच्या, म्हणजे गजराबाईच्या, मिरची कांडपाचा जनरेटर हेमराजने सकाळीच सोडवला, दोन चाकांच्या लोखंडी गाडीवर आवळून बांधला आणि ती गाडी सायकलीच्या मागे अडकवली. सायकलीच्या चाकात विजेची मोटार त्याने आधीच बसवली होती. पण बॅटरीने दोनदा अर्ध्या वाटेत दगा दिला. म्हणून आता जनरेटर वीज करणार, मोटार ती खाणार आणि हेमराज नुसता बसून राहणार, असा बेत होता.

"आनि लाइट गयी ते मी कांडप कशी करू?" गजराबाईने विचारलं. "हंगाम शे मिरचीना!"

"फाट्यालोंग जास आनि येस. तू चहा पी, तवलोंग मी उनाच समज."

पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्यात हेमराजचा हात धरणारा धानोऱ्यात कोणी नव्हता. तेवढ्यावर गप बसला असता तर सुखी झाला असता. पण गड्याला स्वतःचं यंत्र हवं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने मोडीतून जुळवलेल्या फटफटीवर बायकोला माहेरी न्यायचा घाट घातला, आणि त्या बाईने नव्या लुगड्यात, भर उन्हात, अर्धी वाट पायी तुडवली. त्या दिवसापासून तिचा एकच हेका होता. "तुन्हं एक तरी यंत्र दारथून जाईसन दारले परत येऊ दे. मंग मी मांगे बठसू." पुढची सगळी यंत्रं ढकलतच घरी आली. बाई काही बसली नाही, आणि हे हेमराजला आत कुठेतरी फार लागून राहिलं होतं.

यंत्रं का मोडतात, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. नजर! गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणारा उमाकांत आयती इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन मिरवायचा. तो नाही जळणार तर कोण जळणार? यंत्र मोडलं की हेमराज बायकोकडून दृष्ट काढून घ्यायचा. निखाऱ्यावर मीठमिरची पडायची आणि हा श्वास रोखून बसायचा. मिरची जळूनही ठसका लागला नाही तर नजर होतीच, हे शेंबडं पोरही सांगेल. हेमराजच्या घरात आजवर एकदाही ठसका लागला नव्हता. मोडकं यंत्र ओसरीत आडवं आणि हा मनातून फुगलेला. लेकाचे जळतात आपल्यावर!

आजही उमाकांत ओट्यावर हजर होताच.

"हेमराज, पेट्रोलच जाळनं व्हतं ते मोटारसायकल काय वाईट?"

"ती पेट्रोलवर चालस. ही लाइटवर चालस!"

"आनि ती लाइट कशावर व्हस?"

हेमराजने ऐकूच आलं नाही असं दाखवलं. लागली बघा नजर, असं म्हणून त्याने जनरेटरची दोरी ओढली. आणि काय सांगावं, सायकल निघाली! फाट्यापर्यंत गेली, वळली, परतीला लागली. पायडलला पाय न लावता हेमराज वारा खात येत होता, आणि मागे बसलेली गजराबाई त्याला आत्ताच दिसायला लागली होती.

इकडे गावातली लाइट गेली होती. कांडपावर मिरच्या घेऊन आलेल्या बायका ताटकळून घरी परतल्या होत्या. अन् हा जनरेटर असा, की त्याची फटफट आळीतली प्रत्येक बाई झोपेतही ओळखायची. ती ऐकू आली म्हणजे कांडप सुरू. आज ती रस्त्यावरून ऐकू आली. धनुबाई पिशवी घेऊन थेट सायकलीसमोर उभी राहिली.

"गजरानी मशीन दारोदार धाडी का रे?"

"नही वं मावशी. ही मन्ही सायकल शे."

"मंग आवाज कांडपना कसा?"

"जनरेटर तोच शे ना..."

"आस्सं! म्हंजे तुन्हामुळे कांडप बंद शे!"

"मन्ही पोरना लगीननी मिरची शे," असं बजावत धनुबाईने कांडपावर न्यायला पिशवी गाडीवर टाकली. तिचं बघून बाकीच्या धावल्या. पिशव्या, डबे, एक अख्खं पोतं. नाही म्हणायला हेमराजला तोंडच उरलं नव्हतं.

गल्लीच्या चढाला मोटार कण्हायला लागली. हेमराजने जनरेटर होता नव्हता तेवढा वाढवला. सायलेन्सर तापून लाल झाला, गाडीने गचका खाल्ला आणि धनुबाईची पिशवी घसरून नेमकी त्याच्यावर टेकली. उमाकांतच्या ओट्यासमोर.

अरे बापरे, काय ठसका तो! हेमराज खोकला, मागून येणाऱ्या बायका खोकल्या, दावणीची शेळी शिंकली. उमाकांत घरात पळाला, तिथेही खोकला, परत बाहेर आला. हेमराजने आंधळेपणाने त्याच्या दारचा पाण्याचा हंडा उचलला आणि जनरेटरवर ओतला. फस्स झालं आणि फटफट थांबली.

नाकाला पदर लावून गजराबाई धावत आली. "मन्ही मिरची वं!" धनुबाईने टाहो फोडला.

"नवी कुटीसन देसू, मावशी," असं म्हणून गजराबाईने तिला शांत केलं.

"नजर लागनी," हेमराज खोकत म्हणाला. "उमाकांतनीच लागनी!"

"येडा शे का?" उमाकांत डोळे चोळत ओरडला. "गावभर ठसका उना! नजर ऱ्हाती ते ठसका येता का?"

शास्त्र तर शास्त्रच. हेमराजने केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं. "पन घरमा ते कधीच ठसका उना नही. इतला वरीस."

गजराबाईने पदराने डोळे पुसले. "मी इतला वरीस निस्ता देठ जाळू, मिरची नही," ती म्हणाली. "मिरची काय फुकट येस? कांडपमा देठस्ना ढीग पडेल ऱ्हास." मग हळूच म्हणाली, "आनि तुले बरं वाटे."

म्हणजे कोणीच जळत नव्हतं. ही सगळी वर्षं कोणाला हेवा वाटावा असं काही त्याने केलंच नव्हतं, आणि हे घरात एकीला ठाऊक होतं. इतकं वाईट त्याला कुठलंही यंत्र मोडल्यावर वाटलं नव्हतं.

गावातल्या रेवजीची रिक्षा बोलावून तिच्यामागे जनरेटरची गाडी बांधून दिली. हेमराज सायकल हातात धरून तसाच उभा राहिला. गजराबाईने कॅरिअरवरची राख झटकली आणि त्यावर बसली.

"चाल घर."

"आते ही निस्ती सायकल शे," तो पुटपुटला.

"म्हनीसनच बठी ऱ्हायनू."

बंद मोटारीचं वजन चाकात घेऊन हेमराजने पायडल मारलं. ज्या दिवसाची इतकी वाट पाहिली तो हा असा आला होता. निघताना त्याने सवयीने ओट्याकडे पाहिलं. उमाकांतने मानही वर केली नाही. तो डोळे धूत होता.