चारवर ठेवा, सेक्रेटरी

लग्नात अक्षता पडल्या की लोक पंगतीकडे वळतात. आमचे सुभेदार गाडे फोटोग्राफरकडे जातात.

"झूम हाय का याला?"

तो बिचारा अभिमानाने हो म्हणतो.

"मग जास्त फिरवू नका. नवरदेव धुरकट निघंल."

सुभेदार सैन्यातून निवृत्त झाले ते जवानांना नेमबाजी शिकवता शिकवता. नगरच्या बाहेर, उघड्या टेकडीच्या पायथ्याशी आमचा छोटा रायफल क्लब आहे. मी त्याचा सचिव. काडतुसं, किल्ल्या, टार्गेटचे कागद, वर्गणी या सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. मैदानावर हुकूम मात्र सुभेदारांचा. ते मला नावाने कधी हाक मारत नाहीत, सेक्रेटरी म्हणतात.

गल्लीत केबल टीव्ही आला त्या वर्षी श्रीगोंद्याचे ऊस बागायतदार बापूसाहेब यांनी क्लबला रायफलवर लावायची दुर्बीण भेट दिली. मेव्हण्याने परदेशातून आणलेली, तीन ते नऊची. म्हणजे नळीवरचं कडं फिरवलं की समोरची वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी दिसते. क्लबात तोवर सगळ्या साध्या, एकाच पटीच्या दुर्बिणी होत्या. त्यामुळे मंडळी हरखून गेली. पहिला मान अर्थात बापूसाहेबांचा. ते आडवे झाले आणि कडं थेट नऊवर नेलं.

"काहीच दिसंना की."

"डोळा मागं घ्या," सुभेदार म्हणाले. "आता जरा फुडं. हां, दिसलं? आता श्वास घ्या."

"गेलं परत."

"जानारच. नऊवर डोळ्याला जागा लई कमी. केसभर हलला की अंधार."

"अन् हे टार्गेट हलतंय कशानं?"

"टार्गेट जागेवरच हाय. नऊवर ते मोठं होतं, तसा तुमचा हात बी मोठा होतो, बापूसाहेब."

त्यात नगरचं ऊन. अकरा वाजता माळावरून झळा उठल्या आणि नऊपटीने त्याही मोठ्या दिसू लागल्या. काळा गोल पाण्यात सोडल्यासारखा डुलत होता. कागदाच्या कडेला जांभळट झालर आली होती. सुभेदारांनी खाली वाकून कडं चारवर आणलं. गोल लहान झाला, पण उजळ झाला आणि गप्प उभा राहिला. बापूसाहेबांची पुढची गोळी काळ्यात लागली. ती आपल्या दुर्बिणीमुळेच लागली असं ते आजही सांगतात.

तेव्हापासून सुभेदारांचं व्याख्यान सुरू झालं. बदलत्या पटीच्या दुर्बिणीत सरकणाऱ्या काचा जास्त, प्रत्येक काच थोडा उजेड खाते. शिवाय तीनवरही चांगली आणि नऊवरही चांगली अशी काच करायची तर तेवढा पैसा मोजायला हवा, आणि आमच्या दुर्बिणीवर तो कोणी मोजलेला नव्हता. इथपर्यंत ठीक होतं. पण हा नियम ते सगळीकडे लावू लागले. माझ्या पुतण्यासाठी पाथर्डीचं स्थळ आलं. आम्ही चौकशा करतोय हे कळल्यावर ते दारात उभे राहूनच म्हणाले, "चारवर ठेवा, सेक्रेटरी. नऊवर कुनाचंच घर सरळ दिसत न्हाई." माझ्या बायकोने तांदूळ निवडायला घेतले तरी त्यांचं तेच. लग्न झालं. तांदळात मात्र खडे निघाले.

एक गोष्ट मला खटकायची. ज्या दुर्बिणीला ते इतकी नावं ठेवत, तीच दर रविवारी काच पुसायला म्हणून घरी नेत. परत आणायला दोन-दोनदा सांगावं लागे.

मार्चमधल्या बैठकीत मीच प्रस्ताव मांडला. ही विकू आणि साध्या, चारच्या दोन घेऊ. सुभेदारांचंच म्हणणं होतं ते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"इकायची घाई काय हाय?" ते म्हणाले.

बापूसाहेब उखडले. "वर्षभर हिला शिव्या कोन देतंय, सुभेदार?"

"शिव्या घरच्यालाच देत्यात."

ठराव मंजूर झाला. गिऱ्हाईकही ठरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुर्बीण आणायला त्यांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "वर गच्चीत हायेत. तुमी व्हा फुडं, चहा तिथंच आनते."

कठड्यावर वाळूची पिशवी, तिच्यावर नुसती दुर्बीण, आणि तिला डोळा लावून सुभेदार. घर अगदी गावाच्या कडेला. समोर सीना नदी, तिच्या पलीकडे त्यांचं मूळ शेत. तिथे थोरला भाऊ राहतो, दगडूआप्पा. सुभेदार सैन्यात असताना आप्पाने बांधावरची सामाईक चिंच न विचारता तोडली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. चिंच गेल्यामुळे या गच्चीवरून आप्पाचं अंगण सरळ दिसतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"बसा," ते डोळा न काढता म्हणाले. "थंडीपासून त्याला दम लागतोय."

"मग साधी, चारची पुरेल की. क्लब तुम्हाला एक देईल."

"न्हाई पुरत. चारवर त्यो अंगनात कुठं हाय ते घावतं. मग नऊवर न्यायचं. छाती कशी हलती, ते नऊवरच कळतं. ती बघितली की परत चारवर."

म्हणजे बदलती दुर्बीण ज्या कामासाठी असते, तेच काम ते करत होते.

"जाऊन विचारा की त्यांना. पूल ओलांडला की आलं."

"त्यानं चिंच तोडली, सेक्रेटरी."

मग ते बाजूला सरकले आणि मी डोळा लावला. कडं चारवर होतं. अंगण, बाज, गोठ्याची कड, सगळं एकदम दिसत होतं. बाजेवर एक म्हातारा बसला होता. कपाळाला हात आडवा लावून तो नदीपलीकडे, थेट आमच्या गच्चीकडे बघत होता.

"आप्पा इकडंच बघतायत," मी म्हणालो.

"आभाळ बघत असंल. पावसाचं."

मार्च महिना होता. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मी कड्याला हात घातला.

"राहू द्या चारवर," सुभेदार म्हणाले. "आत्ताच नऊवर बघितलं. दाढी करून बसलाय."

वहिनी चहा घेऊन आल्या. मी चहा घेतला आणि दुर्बीण न घेता खाली उतरलो. गिऱ्हाईकाला निरोप पाठवला की काच अजून पुसून व्हायची आहे.