बसून राहिली

गुरुवार सोडून रोज सकाळी शंकररावकाका चहाच्या आधी अंगणात येतात, गाडीसमोर उभे राहतात आणि म्हणतात, "उठ व माय."

गाडी उठत नाही. मग ते माझ्याकडे बघतात. मी किल्ली फिरवतो. खालून पंपाची घरघर सुरू होते आणि रात्रभरात जमिनीकडे खचलेली ती भलीमोठी काळी विलायती गाडी आधी मागून, मग पुढून, म्हशीसारखी अंग सावरत उभी राहते.

"उठली," काका म्हणतात आणि चहाला आत जातात.

या गाडीला स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर हवेचे चार फुगे आहेत आणि ते झिजलेत. हवा हळूहळू गळते, गाडी हळूहळू खाली बसते. काकांचं पांढुर्ण्याला सरकी-ढेपेचं दुकान आहे. नागपूरच्या एका डॉक्टरांनी वापरून वापरून ही गाडी विकायला काढली, ती काकांनी घेतली. स्वस्तात मिळाली. का मिळाली, ते घरी आणल्यावर कळलं.

मी मूळचा सांगोल्याकडचा. सातवीत शाळा सुटली. संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडे आलो, मालकानं ट्रकच विकून टाकला आणि मी पांढुर्ण्याच्या स्टँडवर पिशवी घेऊन बसून होतो. काकांनी विचारलं, "गाडी चालवता येते नं? मंग राय इथंच." दुकानामागची खोली दिली. दोन वेळचं जेवण काकूंच्या हातचं. हे मी विसरत नाही. आणि एक धाकही विसरत नाही, की गाडी गेली तर खोलीही जाईल.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. दुपारी काका ओरडले, "अरे पाय बरं, गाडी बसून राहिली!"

आमच्याकडे बसून राहिली म्हणजे बसली ती बसलीच. संपलं. मी ताटावरून उठलो, खरकट्या हातानं धावत आलो आणि म्हणालो, "काका, देवाशपथ, मी काही केलं नाही!"

काकू दारातून हसल्या. "अरे बाबू, बसली कुठं अजून? बसून राहिली."

तेच पुन्हा ऐकून मला रडूच आलं. मग कळलं, इथे जेवून राहिलो म्हणजे जेवतोय, येऊन राहिलो म्हणजे येतोय. गाडी बसत होती, एवढंच.

ही गाडी सांभाळायची म्हणजे घरात आजारी राजा ठेवायचा. डाव्या बाजूची काच खाली गेली की वर येत नाही. दाराला हात लावला की कधी कधी वायपर फिरतो. गाडी खाली-वर करायचं एक बटण आहे, ते आम्ही घेतली तेव्हापासूनच मेलेलं. उंदरांनी एकदा वायरी खाल्ल्या, तेव्हापासून काका बॉनेटमध्ये संत्र्याची सालं ठेवतात. उंदीर गेले की नाही माहीत नाही, पण गाडी तापली की पार पुढच्या सौसर गावापर्यंत मुरंब्याचा वास येतो. गावातला मिस्त्री बॉनेट उघडतो, आत बघतो आणि हात जोडतो. "काका, हे माह्या हातचं नाही." नागपूरला नेली की एका रबरी नळीला एवढे पैसे मागतात, की काका म्हणतात, "नळी दे, गाडी ठेव."

समोरच्या फळीवर लाल दिवे लागतात. त्यावर काकांचा एकच इलाज. आत जाऊन काकूंच्या पाकिटातली एक टिकली आणायची आणि दिव्यावर चिकटवायची. "झाली दुरुस्त."

"माह्या टिकल्या संपवून राहिले तुम्ही," काकू म्हणायच्या.

"तुले काय कमी पडून राहिलं? तुह्या कपाळावर एकच लागते. तिले पाच."

फुग्यांचं मात्र ते कधीच बघायचे नाहीत. मी दहादा म्हटलं, काका, एवढं करून घ्या, नाहीतर पंप जळेल. ते म्हणायचे, "बसते तं बसू दे. तुले काहून तरास?" मला वाटायचं, चिकटपणा.

गुरुवारी काकू मोहगावला बहिणीकडे जातात. काकूंचे गुडघे गेलेत, डावा पाय तर वाकतच नाही. बाहेर जाणं म्हणजे तेवढंच. त्या दिवशी काका किल्लीला हात लावू देत नाहीत. "आधी तिले बसू दे. डिझल काय झाडाले लागते?" मोहगावला पोचलं की दिवसभर मुक्काम. संध्याकाळी सगळे निरोप घेऊन झाले तरी काका उठत नाहीत. मधूनच बाहेर येऊन मला विचारतात, "बसून राहिली का?" गाडी पुरती बसली की निघायचं. मला वाटायचं, मेहुणीच्या हातची भाकर सुटत नाही.

या दिवाळीला पुण्याहून मुलगा आला, प्रमोद. गुणी माणूस. वडिलांना न सांगता गाडी नागपूरला नेली आणि चारही फुगे नवे टाकून आणले. गाडी अंगणात उभी राहिली ती ताठ. गल्ली बघायला आली. प्रमोदभाऊ म्हणाले, "बाबा, आता रात्रभर उभी राहील."

काका चाकाजवळ वाकून बघत होते. "चांगलं केलं, बाप्पा," म्हणाले. पण आवाजात चांगलं काही नव्हतं.

प्रमोदभाऊ परत गेले आणि गुरुवार आला. काकू वॉकर टेकत आल्या, पाठमोऱ्या झाल्या, नेहमीसारख्या मागे टेकल्या. सीट त्यांच्या कमरेच्या वर होती. काकांनी पाट ठेवला. पाटावर डावा पाय चढेना. आम्ही दोघांनी उचलायचा प्रयत्न केला, तशा त्या कळवळल्या.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "बहिणीले फोन करून देते. पुढं पाहू."

"लहान गाडी बोलावू का?" मी विचारलं.

"लहान गाडीत तिचा पाय मावत नाही," काका म्हणाले. "सगळ्या पाहून झाल्या. त्या डॉक्टरच्या अंगणात हे गाडी बसली होती. मी हिले म्हटलं, टेकून पाय बरं. टेकली तं बरोबर बसली. तवाच घेतली."

एवढे दिवस गाडी खराब आहे म्हणून बसते, असं मी समजत होतो.

"पान्हा आण," काका म्हणाले.

"काका, फुगे नवे आहेत. भाऊंनी एवढा खर्च..."

"त्यानं मायेनं केलं. मी काही फोडून नाही राहिलो. नळीचा नट ढिला कर. पहिले जेवढी गळत होती, तेवढीच गळू दे."

मी चाकामागे हात घातला. नट फिरवला. हवा सुस्कारत बाहेर आली आणि गाडी काकूंसाठी हळूहळू खाली आली. काकू टेकल्या. काकांनी त्यांचे पाय दोन्ही हातांनी एकेक करून आत ठेवले, लुगड्याचा काठ दारात अडकू नये म्हणून आत खोचला. मी नट अंदाजानं आवळला. अंदाज बरोबर आहे की नाही, ते मोहगावला संध्याकाळीच कळणार होतं. जास्त आवळला असेल, तर काकू तिकडेच अडकणार.

इंजिन लावलं, तसा लाल दिवा लागला. काकूंनी मागून कपाळावरची टिकली काढून पुढे दिली.

वाटेत प्रमोदभाऊंचा फोन आला. काका म्हणाले, "फस्कलास आहे. ताठ उभी."

मोहगावला मी जेवलो नाही. दिवसभर चाकाजवळ बसून टायर आणि पत्र्यातल्या फटीत बोटं घालून बघत होतो. दुपारी चार बोटं जात होती. दिवस कलला तेव्हा तीन गेली.

मग काका ओट्यावर आले. आतून काकूंचा आणि बहिणीचा हसण्याचा आवाज येत होता. काकांनी खांबाला हात टेकला आणि विचारलं, "काय रे?"

मी परत बोटं घातली. दोनच गेली.

"बसून राहिली, काका," मी म्हणालो. "होऊ द्या अजून त्यांच्या गप्पा."