रायाजीराव गव्याच्या मोटारीची शिट्टी

एका जंगलात रस्ता एकच होता, आणि तोही अरुंद. मोटारी मात्र पुष्कळ होत्या, आणि सगळ्या जुन्या. जंगलात मोटारी कशा, असं विचारणाऱ्या मुलांनी आत्ताच उठून बाहेर खेळायला जावं. बाकीच्यांनी नीट मांडी घालून बसावं.

तर दर वर्षी डोंगरावरच्या देवीच्या जत्रेला या मोटारींची मिरवणूक निघे. पुढे मानाची गाडी, मागे बाकीच्या. मानाची गाडी वाजतगाजत जायची आणि तिला कुणी ओलांडायचं नाही, असा तिथला रिवाज. हा मान पणजोबांपासून रायाजीराव गव्याच्या घराण्याकडे होता.

त्यांच्या मोटारीला भोंगा नव्हता, शिट्टी होती. इंजिनाचा धूर ज्या नळीतून बाहेर पडतो, त्या नळीवर बसवलेली, पितळेची. पायाखालची कळ दाबली की थोडा धूर शिट्टीत शिरायचा आणि ती वाजायची. आजोबांच्या काळात, बरं का! हल्ली नुसतं 'फुस्स' व्हायचं.

यंदा बाळकोबा तरसानं पंचांपुढे तोंड उघडलं. "मानाच्या गाडीचा आवाज देवीपर्यंत गेला पाहिजे. रायाजीरावांचा शेजारच्या झुडपापर्यंत जात नाही. मान मला द्या."

पंच म्हणाले, "जत्रेदिवशी पायथ्याशी ऐकू. वाजली तर मान त्यांचा, नाहीतर तुझा."

पणजोबांचा मान आणि तो तरसाच्या घरात? रायाजीरावांना चारा गोड लागेना.

मग सल्ले सुरू झाले. कोल्हा म्हणाला, शिट्टी चिंचेनं घासा. घासली. फुस्स! माकड म्हणालं, फटी मेणानं बुजवा. बुजवल्या. नळी तापली, मेण वितळलं, आणि पुन्हा फुस्स. वर मधाचा वास!

शेवटी रायाजीराव स्वतःच गाडीखाली शिरले. शिंगं अडकली, पण डोकं चाललं.

"अगं, सापडलं!" ते खालूनच ओरडले. "सगळा धूर मागून पळून जातोय. शिट्टीला मिळतो उरलासुरला!"

"मग मागची वाट थोडी आवळा," त्यांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या. "थोडी शिट्टी वाजेल, थोडी गाडी चालेल."

"थोडी? मानाच्या गाडीला थोडी?"

त्यांनी कळ अशी बसवली, की दाबली की मागची वाट पार बंद आणि सगळा धूर शिट्टीत.

"अहो, इंजिन गुदमरेल!"

"तुला काय कळतंय शिट्टीतलं?"

जत्रेचा दिवस उजाडला. पायथ्याशी पंच कान टवकारून बसले. रायाजीरावांनी देवीचं नाव घेतलं आणि कळ दाबली.

अहाहा! काय तो आवाज! पाखरं उडाली, दरीतून सूर परत आला, म्हाताऱ्या पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळकोबाचं तोंड एवढंसं झालं. मान राहिला!

आणि इंजिन बंद पडलं.

हँडल मारलं. गाडी सुरू झाली, हातभर पुढे गेली. कळ दाबली. अहाहा! बंद.

"अहो, न वाजवता चला ना," सगुणाबाई म्हणाल्या.

"मुकी नेऊ? पणजोबा काय म्हणतील?"

मागे रांग लागली. बाळकोबा ओरडला, "निदान बाजूला तरी घ्या!"

पंच खवळले. "मानाची गाडी बाजूला? लाज नाही वाटत?"

बाळकोबानं गाडी रांगेतच ठेवली. बाकीच्यांनीही ठेवली. दर हातभर अंतरावर टाळ्या मात्र पडत होत्या.

सगुणाबाईंनी ओटीचं ताट उचललं आणि त्या सरळ पायी डोंगर चढल्या. ओटी भरली, प्रसाद घेतला, मैत्रिणींशी दोन गोष्टी केल्या आणि खाली आल्या. मिरवणूक अजून पहिल्या वळणावरच होती. रायाजीरावांच्या गळ्यात हार होते आणि पंचांनी मान त्यांच्या नातवंडांपर्यंत पक्का करून टाकला होता.

"देवी काय म्हणाली गं?" रायाजीरावांनी विचारलं.

"शिट्टी ऐकली म्हणाली. गाडीची वाट बघतेय."

तात्पर्य: मुलांनो, सगळ्यांच्या पुढे राहायचं असेल तर पुढे जावंच लागतं असं नाही. रस्ता अरुंद हवा आणि मागचे सभ्य हवेत.